ग्रामपंचायतीचं वर्षभराचं काम आणि कामांचा अग्रक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात राहणाऱ्यांकडून, नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांकडून आणि मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ खाली चालणाऱ्या ग्रामपंचायतींना लागू आहेत. पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्यांनी प्रश्न १७ आधी वाचावा. शासन निर्णय बदलत राहतात, त्यामुळे एखादी टक्केवारी अर्जात लिहायची असेल तर ताजं परिपत्रक कार्यालयातून मागून घ्या.

१. ग्रामपंचायतीचं वर्ष कधी सुरू होतं आणि वर्षभर तिथे नेमकं काय चालतं?

वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. एप्रिल-मेमध्ये सरलेल्या वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे येतो, घरपट्टी-पाणीपट्टीची नवी बिलं निघतात आणि पाऊस यायच्या आत गटारं, नाले, विहिरी यांची कामं उरकायची असतात. जून ते सप्टेंबर बांधकामं थंडावतात. झाडं लावणं, पाणी तपासणं, फवारणी यांचे हे दिवस. ऑक्टोबर ते डिसेंबर पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तयार होतो आणि जानेवारीच्या सुमाराला अंदाजपत्रक. फेब्रुवारी-मार्च वसुलीचे आणि अडलेला निधी खर्ची टाकण्याच्या धावपळीचे. मार्चमध्ये नवी मागणी घेऊन कार्यालयात गेलात तर कुणी मान वर करून बघणार नाही, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नाही.

बहुतेक तक्रारींचं मूळ या वेळापत्रकात आहे. लोक पाण्यासाठी मे महिन्यात ओरडतात, पण त्या मेच्या पाण्याचा निर्णय मागच्या ऑक्टोबरात झालेला असतो.

२. सरपंच मोठा, ग्रामसेवक मोठा की ग्रामसभा? शेवटचा शब्द कुणाचा?

तिघांची कामं वेगळी आहेत. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतले सगळे. आराखडा, लाभार्थ्यांच्या याद्या, मागच्या वर्षाचा हिशेब हे सगळं तिच्यापुढे यावं लागतं. सात ते सतरा सदस्यांची पंचायत दर महिन्याला मासिक सभा घेऊन रोजचा कारभार आणि खर्च मंजूर करते. ग्रामसेवक हा सचिव: इतिवृत्त लिहिणं, दप्तर ठेवणं आणि नियमाबाहेरच्या ठरावावर आपला शेरा नोंदवणं त्याच्याकडे. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव झालं, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच, किंवा भाऊसाहेब, म्हणतात. इथेही तोच शब्द वापरला आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द डोंगलचा, म्हणजे डिजिटल सहीच्या यूएसबी किल्लीचा. वित्त आयोगाचं देयक सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाही. या दोघांचं बिनसलं की गावाचं काम थांबतं.

३. सरपंचाला पगार किती असतो?

पगार नाही, मानधन. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्या असेल तर सरपंचाला महिना ६,००० रुपये, दोन ते आठ हजार असेल तर ८,००० आणि त्यावर १०,०००. उपसरपंचाला अनुक्रमे २,०००, ३,००० आणि ४,०००. सदस्यांना फक्त बैठक भत्ता.

४. ग्रामसभा कधी असते? आम्हाला तर कळतच नाही.

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा सक्तीच्या आहेत आणि पहिली वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत व्हायला हवी. रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. अलीकडे परिपत्रकांनुसार त्या मागेपुढे होतात. शेजारच्या गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते. नोकरदारांच्या दृष्टीनं ती सोय बरी.

साध्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. ती चावडीवर, कार्यालयाच्या फलकावर लागते आणि दवंडीही द्यायची असते. आजकाल दवंडीची जागा व्हॉट्सॲप ग्रुपनं घेतली आहे. त्या ग्रुपमध्ये विरोधी गटाची माणसं आहेत की नाहीत ते तपासून बघा.

नोटिशीवरचे विषय नीट वाचा. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय’ असतं आणि बहुतेकांची मागणी तिथे जाते. तोवर निम्मी सभा घरी गेलेली असते. तुमचा विषय सभेच्या पंधरा दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. मग तो मुख्य विषयपत्रिकेत धरायला लावता येतो, निदान का धरला नाही हे विचारता येतं.

५. कोरमअभावी ग्रामसभा तहकूब झाली. पुढच्या सभेला जेमतेम दहा-बारा माणसं होती, तरी सगळे ठराव झाले. हे चालतं का?

चालतं. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अट एवढीच, की मूळ नोटिशीतलेच विषय घ्यायचे, नवा विषय घुसवायचा नाही.

याचा उपयोग कसा होतो हे गावोगावी माहीत आहे. अडचणीचा विषय असला की पहिली सभा कोरमअभावी तहकूब होते आणि दुसरी घरच्या माणसांत पार पडते. शंका आली तर दोन गोष्टी मागा: हजेरी पुस्तकाची नक्कल आणि तहकूब सभेची नोटीस. नवा विषय घेतलेला दिसला तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या.

६. मी मुंबईत राहतो, घर आणि जमीन गावाला. ग्रामसभेत मला बोलता येईल का?

तुमचं नाव गावच्या मतदार यादीत असेल तरच तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. घर, जमीन, देवळाचा मान यातलं काहीही त्यासाठी पुरत नाही. कोकणात हा प्रश्न दर गणपतीत आणि शिमग्याला उकरून निघतो: वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, त्यांचे मालक मतदार मुंबईचे, आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट) कुणाच्या दारावरून न्यायची यावर मात्र सगळ्यांचं मत. सभेत बसायला सहसा कुणी अडवत नाही, पण ठरावाला सूचक किंवा अनुमोदक होता येत नाही आणि हात वर केलात तर तो मोजला जाऊ नये.

मतदार नसलात तरी करदाते आहातच. लेखी अर्ज, आकारणीवर हरकत, माहिती अधिकार हे तिन्ही मार्ग तुम्हाला मोकळे आहेत. घर बंद आहे म्हणून घरपट्टी माफ होत नाही. चार-पाच वर्षांची थकबाकी एकदम अंगावर येण्यापेक्षा दर गणपतीत पावती फाडून घेतलेली बरी.

७. ग्रामसभेच्या आधी महिला सभा वेगळी कशाला?

कायद्यातच तशी तरतूद आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे. बऱ्याच ठिकाणी वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि सभा झाली असं लिहिलं जातं. बचत गट जिथे जोरात आहेत तिथे हा प्रकार चालत नाही. पाण्याची वेळ, शाळेतलं मुलींचं शौचालय, रेशन दुकान, दारू हे विषय बहुधा इथूनच वर येतात.

८. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे कोण ठरवतं? आणि कधी?

कागदावर गाव ठरवतं, ग्रामपंचायत विकास आराखड्यातून. राज्यात २०१५-१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावानं ही पद्धत आली. २०१८ पासून देशभर २ ऑक्टोबरला सुरू होणारी ‘सबकी योजना, सबका विकास’ मोहीम तिला जोडली गेली. क्रम असा: शिवारफेरी आणि गावाची आकडेवारी, महिला आणि वॉर्डांच्या सभा, कामांची यादी, ग्रामसभेत मंजुरी, तालुक्याला छाननी आणि शेवटी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नोंद. पोर्टलवर नोंद नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा मिळत नाही. ग्रामसभेत टाळ्या पडल्या आणि पोर्टलवर काम चढलंच नाही, असंही घडतं.

आराखडा आता नऊ संकल्पनांवर बेतायचा असतो. गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ व हरित, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित, सुशासनयुक्त आणि महिलास्नेही गाव. संकल्पना कोणतीही निवडा, यादीत पेव्हर ब्लॉक येतातच. कारण सरळ आहे. पेव्हर ब्लॉक दिसतात, त्यांचं मोजमाप सोपं आणि उद्घाटनाचा फोटोही चांगला येतो. अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांचं वजन वाढलं तर त्याचा फोटो निघत नाही.

अग्रक्रम खरा कसा ठरतो याचं राज्यातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. तिथे दर वर्षी पडलेला पाऊस मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीत काय पेरायचं, काय नाही हे ग्रामसभेत ठरतं. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरं, उरलं तर शेती. ऊस-केळीला आणि शेतीसाठीच्या बोअरला तिथे मनाई आहे. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही, पण भांडण आकड्यांवर आलं की आवाज जरा खाली येतात हे खरं.

एक व्यावहारिक अडचण मात्र मोठी. दोन ऑक्टोबरच्या सुमाराला मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची काढणी असते, पाठोपाठ कोकणात भातकापणी. वर्षातली सर्वांत महत्त्वाची ग्रामसभा, आणि नेमके शेतकरी आणि शेतमजूर रानात. म्हणून वॉर्ड सभा संध्याकाळी, वस्तीवर जाऊन घ्यायचा आग्रह धरा.

९. आमच्या वस्तीची गटार दोन वर्षं आराखड्यात आहे. काम काही होत नाही. आराखड्याला अर्थ आहे का?

आराखड्यात नाव असणं ही पहिली पायरी. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि मग देयक. शाखा अभियंता अनेक गावं सांभाळतो, त्यामुळे अंदाजपत्रकातच महिने जातात.

‘काम कधी होणार?’ असं मोघम विचारू नका. ‘काम कोणत्या टप्प्यावर अडलंय?’ असं विचारा आणि मासिक सभेच्या इतिवृत्तात उत्तर लिहायला लावा. दुसरं कारण पैशाच्या रंगात असू शकतं. रस्त्याला लागणारा पैसा पाण्याच्या किंवा स्वच्छतेच्या लेखाशीर्षात अडकलेला असतो. त्यासाठी प्रश्न १०.

१०. पंचायतीकडे वित्त आयोगाचे लाखो रुपये पडून आहेत म्हणतात. मग रस्ता का करत नाहीत?

कारण ते सगळे मोकळे नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात निधीचा ६० टक्के भाग बंधित होता: ३० टक्के पिण्याचं पाणी, पर्जन्य संधारण आणि पाण्याचा पुनर्वापर, ३० टक्के स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवणं. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. समजा, गावाला दहा लाख आले. सहा लाखांचा रस्ता कितीही ठराव केले तरी होणार नाही, कारण रस्त्यासाठी हातात चारच लाख आहेत.

राज्याला आलेल्या रकमेतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्के, अशी महाराष्ट्रातली विभागणी. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. टक्केवारी आयोगागणिक बदलते, म्हणून नवा आराखडा जुन्या प्रमाणावर बेतू नका.

आधीच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन नसणं, निवडून आलेली पंचायत अस्तित्वात नसणं, अशा कारणांनीही निधी अडतो. पहिल्याचं खापर सरपंच-ग्रामसेवकावर फोडता येईल, दुसऱ्याचं नाही. (प्रश्न २२)

११. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न तरी गाव मनाप्रमाणे वापरू शकतं ना?

बऱ्यापैकी, हो. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची फी यांतून जमणारा स्वनिधी हाच पंचायतीचा मोकळा पैसा. त्यातही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. दिव्यांगांचा वाटा पूर्वी ३ टक्के होता. जुना नियम दाखवून कुणी कमी देत असेल तर ते चुकीचं आहे.

उरलेल्यातून कर्मचाऱ्यांचा पगार आणि पाणी योजनेचं वीजबिल गेलं की लहान गावात हाती काही राहत नाही. वसुली कमी असलेल्या गावात अग्रक्रमावर वाद घालण्यात फारसा मतलब नसतो, कारण ठरवायला पैसाच नसतो.

१२. गावात धड दिवे नाहीत, गटार नाही. मग घरपट्टी का भरायची? आणि यंदा ती दुप्पट कशी झाली?

पहिल्या भागाचं उत्तर वरच्या प्रश्नातच आहे. कर थकवून सुविधा आल्याचं उदाहरण दाखवता येत नाही. उलट उदाहरण आहे: छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावानं वेळेवर कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं, आणि वसुली सुधारली.

आकारणी पूर्वी चौरस फुटावर होती. न्यायालयाच्या निकालानंतर २०१५ मध्ये कर व फी नियमांत बदल झाला आणि ती भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय आणि वापर पाहून मूल्य काढतात आणि त्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे कर लावतात. फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. कच्च्या घराचं पक्कं केलं असेल किंवा पुढच्या खोलीत दुकान काढलं असेल तर रक्कम उडी मारणारच. पत्र्याचं घर आरसीसी म्हणून लागलं असेल, गोठा घरात मोजला असेल, तर फेरआकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत हरकत द्या. मुदत गेल्यावर सभेत आरडाओरडा करून आकडा बदलत नाही.

सप्टेंबरअखेर भरल्यास ५ टक्के सूट मिळते, वर्ष उलटलं तर ५ टक्के दंड लागतो.

१३. नमुना आठला माझं नाव आहे. म्हणजे घर माझ्या मालकीचं झालं ना?

नाही. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. मालकी खरेदीखत, वारसा, सिटी सर्व्हेचा उतारा यावर ठरते. गावठाणात मोजणीच नसल्यानं लोक पिढ्यान्‌पिढ्या आठचा उतारा जपून ठेवत आले. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाणाची मोजणी सुरू झाली आणि मिळकत पत्रिका मिळू लागल्या. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर ती पत्रिका काढून घ्या आणि हद्दी तपासा. भावकीतली भांडणं इथेच सुरू होतात, आणि ती मिटवणं ग्रामपंचायतीच्या अधिकारात नाही.

१४. पावसाळ्यात दर वर्षी गॅस्ट्रोची साथ येते. पाण्याबाबत ग्रामपंचायतीनं नेमकं काय करायचं असतं?

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कार्ड कोणतं, हे विचारा. लाल असेल तर बाकी सगळी कामं नंतर.

रोजचं काम जलसुरक्षकाचं. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम ब्लिचिंग पावडर, म्हणजे गावच्या भाषेत टीसीएल. ती कोरडी टाकीत फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची. निदान अर्धा तास थांबून मगच नळ सोडायचा. तपासणी सोपी आहे. शेवटच्या घरच्या नळाचं पाणी काचनळीत घेऊन ओटीचे (क्लोरीन ओळखायच्या रसायनाचे) थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. टाकीजवळच्या घरात पिवळा आणि वस्तीच्या टोकाला पांढराच राहत असेल तर मधे कुठेतरी पाइप फुटून गटाराचं पाणी आत जातंय असं समजून शोध घ्यावा.

टीसीएलची गोणी कार्यालयाच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून पडलेली दिसली तर आवर्जून बोला. हवा लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि नंतर पाण्यात पडतो तो नुसता चुना.

१५. उन्हाळ्यात टँकर मागायचा तर कुणाकडे? ग्रामपंचायत म्हणते आमच्या हातात नाही.

मंजुरी त्यांच्या हातात नाही, हे खरं. मागणीचा ठराव मात्र त्यांनीच करायचा. ठराव पंचायत समितीकडे जातो, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी प्रत्यक्ष पाहणी करतात आणि मग महसूल यंत्रणा मंजुरी देते. टँकर हा शेवटचा उपाय धरला जातो. आधी जवळची खासगी विहीर अधिग्रहित करता येते का, हातपंप दुरुस्त होतो का, हे बघतात.

जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च आणि एप्रिल-जून अशा तीन टप्प्यांत असतो. विहिरींची पातळी दिवाळीनंतर उतरायला लागली असेल तर ठराव तेव्हाच करून पाठवा. धनगरवाडे, तांडे, पाडे यांची नावं ठरावात स्वतंत्र लिहा. नाही तर टँकर गावातल्या टाकीवर रिकामा होतो आणि वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन खाली येतात.

१६. रस्ता पंचायतीनं करायचा की जिल्हा परिषदेनं? आणि शेताकडे जाणारी पाणंद?

गावाच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद नमुना २३ मध्ये असते. ‘तेवीसला नोंद आहे का?’ हा पहिला प्रश्न. नोंद नसेल तर त्या रस्त्यावर निधी टाकता येत नाही. आणि नोंद घेताना जागामालकांची संमती नसेल तर पुढे कोर्टकचेरी ठरलेली. गावाला गाव जोडणारे रस्ते जिल्हा परिषदेकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.

पाणंद किंवा शेतरस्ता अडवला असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावानं तो खुला होत नाही. अर्ज तहसीलदाराकडे करायचा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली ते अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. मातीकाम, खडीकरण हा त्यानंतरचा भाग.

१७. आमचं गाव पेसात आहे. आम्हाला वेगळं काय?

बरंच. राज्यातल्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू होतात. एका ग्रामपंचायतीतल्या प्रत्येक पाड्याला आपली स्वतंत्र ग्रामसभा जाहीर करून घेता येते, तिचा स्वतःचा ग्रामसभा कोष असतो, आणि गौण वनोपज, गौण खनिज, जमीन हस्तांतर यांत तिचं म्हणणं विचारात घ्यावंच लागतं. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. त्याचा आराखडा पाड्यांच्या ग्रामसभांनी करायचा असतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूच्या विक्रीचा निर्णय गावाच्या हाती आला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. एरवी ज्याला आपण स्वनिधी म्हणतो (प्रश्न ११) तो इथे जंगलातून उभा राहू शकतो.

१८. ग्रामसभा दारूबंदी करू शकते का? आणि एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचा ठराव?

दारूबंदीला ठराव हा फक्त आरंभ. पुढे गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते. परवानाप्राप्त दुकान बंद करायचं तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण मतदारांच्या. कामाला बाहेरगावी गेलेल्या बायकांना त्या दिवशी आणायची सोय केली नाही तर मोहीम तिथेच फसते. बेकायदा हातभट्टीसाठी मतदानाची गरजच नाही, ते पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाचं काम.

सामाजिक प्रश्नावर ठरावाची ताकद मोठी असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. वाळीत टाकणं मात्र गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. ग्रामसभेनं एकमतानं केला तरी तो गुन्हाच.

१९. घरकुलाच्या यादीत माझ्यानंतरच्या माणसाला घर मिळालं. ग्रामसभा क्रम बदलू शकते?

मनाप्रमाणे नाही. प्रधानमंत्री आवास योजनेची यादी सर्वेक्षणातून येते. ग्रामसभा अपात्र नावं कारण नोंदवून वगळू शकते, पात्रांचा क्रम गटातटावरून फिरवू शकत नाही. आधी तपासा: मागचा माणूस वेगळ्या प्रवर्गातून किंवा वेगळ्या योजनेतून मंजूर झाला असेल. राज्याच्या रमाई, शबरी या योजनांच्या याद्या स्वतंत्र असतात. तरीही खटकलं तर ठरावाची नक्कल जोडून गटविकास अधिकाऱ्याकडे जा.

२०. हिशेब बघायचा आहे. माहिती अधिकारच टाकावा लागेल का?

दर वेळी नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आणि ‘मेरी पंचायत’ ॲपवर गावाचा आराखडा आणि वित्त आयोगाचा खर्च मोबाइलवर दिसतो. स्वनिधीचं चित्र तिथे पुरेसं मिळत नाही. त्यासाठी वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत या. मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांची उत्तरं या सभेपुढे ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. लेखापरीक्षणाचा अहवाल वाचून दाखवायला सांगा. सभेत शांतता पसरते ती याच वेळी.

तरी माहिती मिळाली नाही तर अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती मागा. प्रत हवी असेल तर पानाला दोन रुपये. मागणी नेमकी लिहा: अमुक कामाची मोजमाप पुस्तिका, देयक आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो. ‘पाच वर्षांची सर्व माहिती’ असं लिहिलंत की गठ्ठे मिळतात, उत्तर मिळत नाही. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पंचायत समितीत प्रथम अपील.

२१. सरपंच ग्रामसभाच घेत नाही. सदस्यांचीच घरपट्टी थकलेली आहे. पुढे काय?

पुरेशा कारणाशिवाय सक्तीच्या ग्रामसभा न घेणारा सरपंच उरलेल्या मुदतीसाठी पदावर राहायला अपात्र ठरतो. कारण पुरेसं होतं का, हे जिल्हाधिकारी ठरवतात. सचिवाचा दोष दिसला तर त्याच्यावरही निलंबनाची पाळी येऊ शकते. सदस्यानं कराचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर कलम १४ खाली तोही अपात्र होतो. इथे बिल रीतसर बजावलं होतं का, यावर सगळं फिरतं. बजावल्याची पोच नसेल तर प्रकरण टिकत नाही, म्हणून अर्ज करण्याआधी ती पोच माहिती अधिकारात काढून ठेवा. शासकीय जागेवर अतिक्रमण आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं हीसुद्धा अपात्रतेची कारणं आहेत.

थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचावर पहिल्या दोन वर्षांत अविश्वास आणता येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव करूनही तो ग्रामसभेत गुप्त मतदानानं मंजूर व्हावा लागतो.

२२. मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आता प्रशासक आहे. गावाची कामं कोण ठरवणार?

पंचायतीचे अधिकार प्रशासकाकडे जातात, बहुधा पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्याकडे, आणि त्याच्याकडे अशी अनेक गावं असतात. ग्रामसभा मात्र बरखास्त होत नाही. ती मतदारांची असते, तिला मुदत नसते. त्यामुळे ग्रामसभा घ्या अशी लेखी मागणी प्रशासकाकडे करता येते आणि आराखड्यावरचा तिचा अधिकार तसाच राहतो.

अडचण निधीची येते. निवडून आलेली पंचायत नसेल त्या काळातला वित्त आयोगाचा हप्ता अडकू शकतो. अशा वर्षी स्वनिधीची वसुली जोरात ठेवा आणि खर्चात पाण्याचं वीजबिल, टीसीएल, दिवाबत्ती आणि सफाई एवढंच आधी बघा. निवडणूक जाहीर झाली की, आधीच कार्यारंभ आदेश मिळून प्रत्यक्ष सुरू झालेली कामं आचारसंहितेतही चालू राहतात. नवी कामं आणि उद्घाटनं थांबतात. आदेशाची तारीख आचारसंहितेच्या आधीची आहे का, हे कागद पाहूनच माना.